क्लोरीन टाकलेलं पाणी पिऊन चार लाख लोक आजारी पडले, ते कसं?

पाण्यात क्लोरीन टाकलं की सगळे जंतू मेले असं आपण धरून चालतो ना, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र मरत नाही. तो जाड कवचात बसलेला असतो, नळाच्या पाण्यात असतं तेवढ्या क्लोरीनमध्ये दिवसचे दिवस तग धरतो, आणि आकार फक्त ४ ते ६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). त्याला मुख्यतः गाळूनच अडवावं लागतं. म्हणजे पाण्यात तुरटीसारखं रसायन टाकायचं, बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात, उरलेले वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतात. डोस चुकला की कण सुटेच राहतात आणि त्यांच्यासोबत हा पण पार होतो.

मार्च १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हेच झालं. पाणी शुद्ध करणाऱ्या दक्षिणेकडच्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा १.७ एनटीयूपर्यंत (गढूळपणा मोजायचं एकक) गेला, ग्लासात बघून सहसा कळणारही नाही इतकाच. सतत मोजणारे मीटर होते, पण वापरात नव्हते, आठ-आठ तासांनी नमुना तपासायचे! पाणी उकळून प्या असं सांगितलं ७ एप्रिलला, तोपर्यंत दुकानांतली जुलाबाची औषधं संपत आली होती. अंदाजे ४,०३,००० लोक आजारी पडले. धडधाकट माणसं बरी झाली, पण एड्समुळे प्रतिकारशक्ती गेलेल्या कित्येकांचा जीव गेला, कारण तेव्हा यावर खात्रीचं औषधच नव्हतं.

कॅनडातल्या वॉकर्टनची गोष्ट मला जास्त लागते, कारण तिथला ई. कोलाय हा पोटात जाऊन आजारी पाडणारा जंतू क्लोरीनने नक्की मेला असता. मे २००० मध्ये जोरदार पावसाने गुरांचं शेण झिरपून गावाच्या एका उथळ विहिरीत उतरलं. आता शेणासारखी घाण पाण्यात आली की क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं, म्हणून पाण्यात क्लोरीन किती शिल्लक राहिलंय ते रोज मोजायचं असतं, शिल्लक अचानक घटली म्हणजे काहीतरी आत शिरलंय. तिथे क्लोरीनच कमी टाकलं जायचं आणि कर्मचारी न मोजताच नोंदवहीत आकडे भरायचे, हे नंतरच्या चौकशीत बाहेर आलं. लोक आजारी पडायला लागल्यावर आरोग्य खात्याने फोन करून विचारलं तेव्हाही पाणी ठीक आहे असंच उत्तर मिळालं. शेवटी २१ मेला खात्याने स्वतःच पाणी उकळायला सांगितलं. तोवर आठवडाभर लोक, लहान मुलं, तेच पाणी पीत होती. सुमारे २,३०० जण आजारी पडले, ७ जण गेले.