लुनासा आणि लॅमस : तिरक्या रेघेची पार्श्वभूमी

ख्रिस्तपूर्व युरोपातील निसर्गपूजक परंपरा नव्याने जागवणाऱ्या आधुनिक पेगन पंथांच्या दिनदर्शिकांत १ ऑगस्टसमोर बहुधा ‘लुनासा/लॅमस’ अशी जोडनोंद असते आणि नव्या धान्याचा पहिला सण म्हणून हा दिवस साजरा होतो. मात्र ही दोन नावे एकाच सणाची आहेत, असे त्या तिरक्या रेघेमुळे वाटते आणि सारा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

लॅमस हे मूळ इंग्रजी आणि निखळ ख्रिस्ती नाव आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पावाची मिस्सा’, म्हणजे पावाचा ख्रिस्ती उपासनाविधी, असा होतो. नव्या गव्हाचा पाव त्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादित केला जाई. अकराव्या शतकातील एका हस्तलिखितात तर या पावाचे चार तुकडे करून ते कोठाराच्या चार कोपऱ्यांत कुस्करून टाकावेत, म्हणजे धान्याचे रक्षण होते, असा तोडगा दिला आहे. कोकराशी (इंग्रजीत ‘लॅम’) या शब्दाचा संबंध जोडणारी व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी आढळते, पण ती निव्वळ उच्चारसाम्यावर बेतलेली आहे.

लुनासा आयर्लंडचा. ‘लुग’ या देवाचे नाव आणि मेळावा या अर्थाचा शब्द मिळून ते नाव झाले. मध्ययुगीन कथेनुसार रान तोडून शेतीयोग्य मैदान करताना लुगची पालक माता टाल्टिऊ श्रमाने मरण पावली आणि तिच्या स्मरणार्थ लुगने खेळ सुरू केले. आजच्या मीथ परगण्यातील टेलटाउन येथे भरणाऱ्या या मेळ्याच्या वर्णनांत भर आहे तो शर्यती, खेळ आणि राजसत्तेच्या प्रतिष्ठेवर. कापणीचा उल्लेख त्या मानाने फारच पुसट आहे.

पहिल्या पिकाचा ठळक संबंध दिसतो तो लोकपरंपरेत. विसाव्या शतकात आयर्लंडमध्ये गावोगावच्या आठवणी पद्धतशीरपणे गोळा झाल्या, तेव्हा जुलैचा शेवटचा किंवा ऑगस्टचा पहिला रविवार, डोंगरावर जमणे, बिलबेरीची रानफळे खुडणे आणि नवे बटाटे उकरून पहिले जेवण करणे असा आकृतिबंध पुढे आला. जुना साठा संपलेला आणि नवे पीक हाती न आलेले, असा जुलै महिना तिथे ‘भुकेचा जुलै’ म्हणूनच ओळखला जाई. त्या दिवसाआधी बटाटे काढणे भाग पडणे हे कच्च्या शेतकऱ्याचे लक्षण मानले जाई. म्हणजे ज्याला आज धान्याचा सण म्हटले जाते, त्याच्या पानात बराच काळ बटाटाच होता.

आजच्या विधींची घडण मात्र याहून अलीकडची आहे. इंग्लंडमधील विक्का या आधुनिक पेगन पंथाच्या एका गटाने १९५८ च्या सुमारास आठ सणांचे वर्षचक्र स्वीकारले आणि आयरिश व इंग्रजी नावे पुढे एकाच चक्रात बसली. कापणीबरोबर मरणाऱ्या धान्यदेवाची कल्पनाही मध्ययुगीन आयरिश लेखनातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालेल्या मानववंशशास्त्रीय सिद्धान्ताचे ते देणे आहे. माणसाच्या आकाराचा पाव भाजून तो मोडून वाटून खाणे, हा आज अनेक गटांत रूढ असलेला प्रकार याच कल्पनेवर उभा आहे. वास्तविक मूळ कथेत लुग मरत नाही, मरते ती टाल्टिऊ. पण ज्या बाईच्या कष्टांतून शेतजमीन निर्माण झाली, तिला या विधींत क्वचितच मध्यवर्ती जागा मिळते.

काही आयरिश-केंद्री गट लॅमस हे नाव कटाक्षाने टाळतात आणि भाषेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे रास्त आहे. अडचण मात्र त्यांनाही सुटत नाही. आधुनिक आयरिशमध्ये ‘लुनासा’ हा ऑगस्ट महिन्यासाठीचा रोजच्या वापरातला शब्द आहे, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील पेगन तिथल्या ऋतूंना धरून हा सण फेब्रुवारीच्या आरंभी, त्याच नावाने साजरा करतात.