हजेरीपटावर नाव कुणाचं? कोल्हापुरातल्या कामकरी बायकांची पार्श्वभूमी

मार्च महिना आला की शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत एचआर खात्याची लगबग सुरू होते. महिला कर्मचाऱ्यांसाठी रांगोळी, आरोग्य तपासणी, एखादं व्याख्यान, गुलाबाचं फूल. हल्ली या सगळ्याला ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’, म्हणजे कर्मचाऱ्याचं कामात मन गुंतवणं, म्हणतात. कार्यक्रम जरूर व्हावेत. पण कामात माणसाचं मन कशानं लागतं आणि बाईला कामाच्या जागी बरोबरीची वागणूक कशी मिळते, हे प्रश्न कोल्हापूरला नवे नाहीत. त्यांच्यामागे शंभराहून जास्त वर्षं आहेत. ती वर्षं नीट पाहिली तर घोडं कुठे अडलंय तेही दिसतं. माझ्या मते ते एकाच जागी अडलंय: बाई काम करते, पण कामगार म्हणून तिचं नाव लागत नाही.

सुरुवात राजर्षी शाहू महाराजांपासूनच करावी लागते. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. कचेरीत कोण बसणार, हे जन्मावरून ठरू नये, हा विचार या मातीत तेव्हा रुजला. बायकांच्या बाबतीतही कोल्हापूर मागे नव्हतं. संस्थानातल्या मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्यांची मुलगी डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, डॉक्टर म्हणून काम करत होत्या. अधिकाराच्या खुर्चीवर बाई बसलेली कोल्हापूरकरांनी इतक्या आधी पाहिली होती. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं आणि १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा. तो कायदा घरातल्या छळाचा होता. कामाच्या जागचा छळ कायद्याच्या नजरेत यायला आणखी पाऊणशे वर्षं जायची होती.

१९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर आठ वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं ठामपणे उभे राहिले, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं. त्यामुळे शाहू मिल या कापडगिरणीच्या शहराला मुंबईचे कामगार कायदे आपसूक लागू नव्हते. पुढे १९६१ चा देशव्यापी प्रसूती लाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीनं बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघरही बंधनकारक झालं.

मुंबईत बाळंतपणाच्या रजेचं विधेयक येत होतं त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत ‘कामात मन’ या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी एक, अशा सहा जणी वेगळ्या खोलीत बसवल्या गेल्या. सुट्टीच्या वेळा बदलून पाहिल्या, त्यांची मतं विचारली, आणि उत्पादन वाढत गेलं. लक्ष दिलं, विचारपूस केली की माणूस जास्त काम करतो, हा निष्कर्ष तिथून जगभर गेला. आजही व्यवस्थापनाच्या वर्गात तो शिकवतात. सहापैकी दोघींना मात्र जास्त बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून १९२८ च्या जानेवारीत काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या, हे सांगायचं सहसा राहून जातं. मला हा तपशील मुख्य निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मत विचारलं होतं ते साहेबाला ऐकावंसं वाटेल तेवढंच. १९९० मध्ये विल्यम कान या अभ्यासकानं ‘एंगेजमेंट’ची कल्पना मांडली तेव्हा त्यात सुरक्षितपणाची जाणीव हा मोठा भाग होता: आपण बोललो तर नुकसान होणार नाही, हा भरवसा.

आता कोल्हापूरच्या फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग घडवणाऱ्या कारखान्यात, जाऊ. इंजिन, पंप आणि गाड्यांचे सुटे भाग यांच्या कास्टिंगवर उद्यमनगर आणि पुढे एमआयडीसी उभी राहिली. फौंड्रीत बाई दिसते ती बहुतेक वेळा कोअर शॉपमध्ये. कोअर म्हणजे ओतलेल्या भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. वाळूत रेझिन हा चिकट पदार्थ मिसळून तो तयार होतो. तो बाहेर काढायचा, कडा फाईलनं घासायच्या, फट राहिली असेल तर भरायची, वरून कोटिंगचा हात फिरवायचा आणि न धक्का लावता ट्रेमध्ये ठेवायचा. कोअरला टवका उडाला तर कास्टिंग रिजेक्ट. ‘बायकांचा हात हलका असतो’ असं सुपरवायझर कौतुकानं सांगतात, आणि कौतुक खरंच असतं. पण त्याच कौतुकाच्या आधारानं मोल्डिंग, मेल्टिंग, मशीन शॉप ही जास्त पगाराची कामं पुरुषांची ठरतात. बाई कोअर शॉपला लागते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते.

समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला. त्यातली पळवाट एका खटल्यानं उघड केली. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता, आणि ही महिलांची वेगळी श्रेणी आहे असा कंपनीचा बचाव होता. त्यांच्यातल्या ऑड्री डि’कोस्टा लढल्या. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बचाव फेटाळला. काम सारखं असेल तर आधी बायकांची वेगळी चूल मांडायची आणि मग तिथे कमी पगार द्यायचा, हे चालणार नाही. कोअर शॉपच्या दारात उभं राहून हा निकाल आठवला की अस्वस्थ व्हायला होतं. तिथे कामच वेगळं ठेवलेलं असतं, त्यामुळे तुलना करायला शेजारी पुरुषच नसतो.

रात्रपाळीचंही असंच. १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कामावर ठेवायला बंदी होती. काळजीपोटी केलेला नियम, पण रात्रपाळीचा भत्ता आणि अनुभव त्यामुळे हुकला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यात स्त्रीच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीला मुभा आहे. अटी पाळल्या जातात का, हे शेवटच्या बसनंतर घरी पोहोचवायला गाडी असते की नाही यावर कळेल.

ही झाली निदान पगारपत्रक असलेल्यांची गोष्ट. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चपलेवरची चामड्याची वेणी बहुतेकदा घरातली बाई घालते, पण कारागीर म्हणून नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंना पगार नाही, मानधन. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे असं सांगितलं, तेही योजना सुरू होऊन सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर.

सगळ्यात कठीण गोष्ट उसाच्या फडातली. हंगामात बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशेबात दोघं मिळून एकच. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, टोळी आणणारा मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. तो तोडतो, ती पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, शिवाय पहाटेचा स्वयंपाक आणि रात्रीची भांडी. दिवस बुडाला की खाडा, म्हणजे पैसे कापले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली आणि २०१९ मध्ये सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्याच्या मुळाशी ही पद्धत आहे. आपल्या साखरेचा गोडवा कुणाच्या अंगावरून येतो, हे कोल्हापूरकरांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

छळाविरुद्धच्या कायद्याचं मूळही अशाच मानधनावरच्या एका बाईकडे जातं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह रोखण्याचं काम केलं म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला. १३ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. मोठ्या कारखान्यांत सूचनाफलकावर या समितीची नावं आता दिसतात.

पण उद्यमनगरात आठ-नऊ माणसांवर चालणारी वर्कशॉप्स किती आहेत ते कोल्हापूरकराला सांगायला नको. तिथे अंतर्गत समितीची सक्ती नाही. मालकाविरुद्धच तक्रार असेल तरीही अंतर्गत समितीचा उपयोग नाही. अशांसाठी कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे आणि तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी. घरकाम करणाऱ्या मावशी, पॅकिंगला जाणारी मुलगी, ऊस तोडणारी बाई, सगळ्या या स्थानिक समितीच्या कक्षेत येतात. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. फडावरच्या बाईसाठी हीच मुदत आखडती पडते. जानेवारीत शिरोळच्या फडात काही घडलं तर एप्रिलपर्यंत टोळी गावी परतलेली असते, उचल फिटायची राहिलेली असते, आणि समिती बसते ती कोल्हापुरात. हंगाम चालू असतानाच नोडल अधिकारी फडांवर गेला, कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, मुकादमाच्या माघारी बायकांशी बोलला आणि कोयत्यातल्या दोघांची नावं वेगवेगळी नोंदवली गेली, तरच त्या मुदतीला काही अर्थ राहील.