दोन डोस, चौदा दिवस आणि लोकलचा पास : लससक्तीच्या वादाची पार्श्वभूमी

कोविडची लस ऐच्छिक होती की सक्तीची, हा वाद अजून मिटलेला नाही. 16 जानेवारी 2021 ला मोहीम सुरू झाली तेव्हापासून सरकारी कागदांवर ती ऐच्छिकच होती. पण डोंबिवली, विरार, पनवेलहून कामाला जाणाऱ्यांना विचारलं तर उत्तर वेगळं मिळेल.

मुंबईला हा प्रश्न जुनाच आहे. देशातलं देवीचं पहिलं लसीकरण 14 जून 1802 रोजी इथेच झालं, एका तीन वर्षांच्या मुलीचं. 1877 मध्ये तर शहरातल्या बाळांना देवी टोचून घेणं कायद्यानेच बंधनकारक झालं. प्लेगच्या साथीत घरझडत्यांची सक्ती झाली (ती कहाणी पुन्हा सांगायला नको), मात्र 1897 मध्ये मुंबईतच तयार झालेली प्लेगची लस घ्यायची की नाही हे लोकांवर सोडलं होतं. तरीही टोचून घेणाऱ्याला दाखला मिळे आणि दाखला असला की विलगीकरणाच्या जाचातून बरीच सूट मिळे. हात धरून टोचायचं नाही, पण न टोचणाऱ्याचं जगणं अवघड करायचं, ही रीत तेव्हापासूनची. 1902 मध्ये पंजाबातल्या एका गावी दूषित बाटलीतली ही लस टोचल्याने 19 जण धनुर्वाताने दगावले आणि लोकांचा विश्वास ढासळला. देवी निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात, 1970 च्या दशकात, बिहारमध्ये घरात शिरून लोकांना धरून टोचण्याचेही प्रकार घडले. देवी गेली हे खरं, आणि ती कशी घालवली हेही खरं.

आता 2021. दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाली. अत्यावश्यक सेवेतल्यांना तेवढी मुभा होती. मग 8 ऑगस्टला जाहीर झालं की 15 ऑगस्टपासून दोन्ही डोस घेतलेल्यांना, दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस उलटले असतील तर, लोकलने जाता येईल. स्थानकांवर मदतकक्ष उघडले. लसीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र तिथे दाखवायचं, तपासून शिक्का मारून घ्यायचा, मग तिकीट खिडकीवर मासिक पास काढायचा. सुरुवातीला साधं तिकीट मिळतच नव्हतं.

हा निर्णय वरवर रास्त वाटतो, आणि त्यामागची भीतीही खोटी नव्हती. एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी झालेली वणवण ताजी होती. साथीपूर्वी लोकलमधून रोज 75 ते 80 लाख प्रवास होत. तिथे अंतर राखा म्हणण्यात अर्थ नव्हता.

पण तारखांचा हिशेब मांडून बघा. 18 ते 44 वयोगटाला लस खुली झाली 1 मे रोजी. 13 मे रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवून 12 ते 16 आठवडे केलं गेलं. 15 ऑगस्टला गाडीत बसायचं तर दुसरा डोस 1 ऑगस्टपर्यंत हवा, आणि त्याआधी 12 आठवडे मोजले तर पहिला डोस साधारण 9 मेपर्यंत झालेला हवा. म्हणजे तिशीतल्या कामगाराला पहिल्या नऊ दिवसांतच अपॉइंटमेंट मिळायला हवी होती. ती मिळवताना काय हाल झाले ते सगळ्यांना आठवत असेल. स्लॉट उघडला की मिनिटभरात संपायचा. त्यातच मेच्या दुसऱ्या आठवड्यात साठा अपुरा म्हणून राज्यात या वयोगटाचं सरकारी केंद्रांवरचं लसीकरणच थांबलं, ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. 22 जूनला पहिला डोस मिळालेल्याला लोकलसाठी सप्टेंबरचा शेवट उजाडणार होता. कोव्हॅक्सिनचं अंतर कमी होतं, पण ती मिळणं आणखी कठीण. खासगी रुग्णालयात एका डोसचे 1,410 रुपये.

म्हणजे 15 ऑगस्टला ज्यांना फलाटावर मज्जाव झाला, त्यातले असंख्य जण लस नाकारणारे नव्हतेच. ते रांगेत होते. पुरवठा कमी पडला सरकारचा, खाडा झाला त्यांचा. कर्जतहून सीएसएमटीला रोज बदलत्या बसने जाऊन बारा-पंधरा हजारांची नोकरी टिकत नाही. लसीच्या बाजूने मी ठाम आहे, म्हणूनच हा निर्णय मला जास्त खुपतो. ज्यांना लस हवी होती त्यांनाच त्याने शिक्षा केली. दुसरं असं की डेल्टा प्रकारात लस घेतलेल्यांकडूनही संसर्ग होतो हे तोवर दिसू लागलं होतं. लस गंभीर आजारापासून उत्तम वाचवत होती, पण डब्यातल्या शेजाऱ्याला वाचवण्याची हमी देत नव्हती. नियमाचा सगळा डोलारा मात्र त्या शेजाऱ्यावर उभा होता.

नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात याच्याही पुढची पायरी गाठली गेली. किमान एक डोस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. जिल्हा लसीकरणात मागे होता आणि केंद्रांवरची गर्दी त्यामुळे वाढलीही. पण रेशन अडवून मिळालेल्या संमतीला संमती म्हणणं मला जमत नाही.

लोकलचा नियम 2022 च्या सुरुवातीला उच्च न्यायालयात गाजला. 1 एप्रिल 2022 पासून राज्यातले सगळेच निर्बंध उठले. महिनाभराने, 2 मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशपातळीवरच्या याचिकेवर निकाल दिला. कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीवर मर्यादा घालता येतात, पण त्या प्रमाणात हव्यात. लस न घेतलेले इतरांपेक्षा जास्त संसर्ग पसरवतात असं दाखवणारी माहिती सरकारांनी समोर ठेवली नाही, म्हणून तेव्हाचे निर्बंध प्रमाणाबाहेर ठरले. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण मनमानी नसल्याचंही म्हटलं आहे. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं वाक्य उचलतात.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ऐच्छिकपणाचा मुद्दा वेगळ्याच कामी आला. लसीनंतर दगावलेल्या दोन तरुणींच्या पालकांनी भरपाई मागितली होती. केंद्राने न्यायालयात सांगितलं की लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती, त्यामुळे सरकारवर थेट दायित्व येत नाही, पालकांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. असे दुष्परिणाम अत्यंत विरळ असतात, आणि नेमके विरळ असल्यामुळेच त्यांची भरपाई सरकारला जड जाऊ नये. ब्रिटनमध्ये दोष सिद्ध न करता लसीच्या हानीची भरपाई देणारा कायदा 1979 पासून आहे. त्या पालकांसाठी भारतात असा कायदा नव्हता.