मोटार अपघात दावा : विमा कंपनीचा बचाव (सातारा–सांगली)

अपघातातील जखमीने किंवा मृताच्या वारसांनी वाहनमालकाकडे भरपाई मागितल्यावर विमा कंपनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जी लढत देते, तिला व्यवहारात कंपनीचा बचाव म्हणतात. सातारा व सांगलीत मोटार वाहन कायदा, 1988 खालील हे दावे जिल्हा न्यायालयांत चालतात. ‘थर्ड पार्टी’ विमा (अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताच्या भरपाईचा) सक्तीचा असल्याने मालकासोबत कंपनीही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, असते. फौजदारी खटला मात्र वेगळा. तो चालकाच्याच गळ्यात.

पॉलिसीतली एक अट फारसे कोणी वाचत नाही. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकाने चूक कबूल करायची नाही, पैशांचा शब्द द्यायचा नाही. त्याच्या नावाने दावा लढवण्याचा हक्क कंपनीला. गावातली चार माणसे बसवून प्रकरण मिटवायची रीत इथे अंगाशी येऊ शकते.

मात्र कंपनीचा वकील तो आपलाच वकील, हा मालकांचा समज भाबडा आहे. कंपनीच्या लेखी म्हणण्यात आधी चालकाचा निष्काळजीपणा आणि मृताचे उत्पन्न नाकारले जाते, इथवर दोघांचे हित एक. पुढच्याच परिच्छेदात पॉलिसीच्या अटींचा भंग येतो आणि मालक एकटा पडतो. ऊसहंगामातल्या ट्रॅक्टरचे दावे यासाठी पाहावेत : विमा शेतीकामाचा, वाहतूक भाड्याची, ट्रॉलीचा विमाच नाही, चालकाकडे परवाना नाही, मजूर मडगार्डवर बसलेला. मजूर बीडचा असेल तर वारस तिथेही दावा लावू शकतात, आणि वाळव्याच्या मालकाला तिकडची नोटीस येते. ती घरात ठेवून तारखा चुकवल्या की हुकूम एकतर्फी होतो.

परवान्याचा नुसता दोष दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून हयगय केली हे कंपनीनेच सिद्ध करायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात ठरवले. भंग सिद्ध झाला तरी न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते.

बरेच दावे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात. 1 एप्रिल 2022 पासून दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दोन्ही जिल्ह्यांची अपिले ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. अपील करणाऱ्याला 25,000 रुपये किंवा हुकुमाची निम्मी रक्कम, यांतील कमी असेल ती आधी भरावी लागते.