प्रक्रियाकृत सांडपाण्याचे सिंचन आणि त्यासाठीचे रासायनिक परीक्षण (कोल्हापूर)

शहराच्या मैलापाण्यावर शुद्धीकरण केंद्रात प्रक्रिया करून तेच पाणी पिकांना देणे म्हणजे प्रक्रियाकृत सांडपाण्याचे सिंचन. नाल्यात मोटर सोडून कच्चे पाणी उसाला पाजणे याहून हे वेगळे. कच्च्या पाण्याचा धोका वासावरूनच कळतो. प्रक्रिया झालेले पाणी नितळ दिसते, त्यात काय विरघळले आहे ते परीक्षणाशिवाय कळत नाही.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा सुरू होते (पाचवी सरस्वती गुप्त मानतात) आणि नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. मधल्या टप्प्यात कोल्हापूर शहराचे जयंती व दुधाळी हे नाले आणि पुढे इचलकरंजीचे पाणी तिच्याकडे येते. शहराची मुख्य शुद्धीकरण केंद्रे दोन : कसबा बावडा येथील रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे आणि दुधाळीचे १७ दशलक्ष लिटरचे. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते, बंधाऱ्यांमागे पाणी तुंबते, केंदाळ पसरते, कधी मासे मरून वर येतात. त्याच पात्रातून खालच्या गावांच्या पाणीपुरवठा संस्था उसासाठी पाणी उचलतात. म्हणजे पंचगंगेच्या खालच्या अंगाला सांडपाण्याचे सिंचन कुणी योजना आखून सुरू केलेले नाही, ते नदीमार्गे आधीपासून चालूच आहे. म्हणून हा विषय इथे भविष्यातला प्रयोग म्हणून पाहणे चूक ठरेल.

शुद्धीकरण केंद्राचे काम मुख्यतः सेंद्रिय घाण कुजवून काढण्याचे असते. जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो, शेवटी क्लोरिन दिला जातो. या सगळ्यात मीठ जसेच्या तसे राहते. घरोघरचे साबण, कपड्यांची पावडर, स्वयंपाकातले मीठ, कापड रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून वापरलेले मीठ हे सारे विरघळलेल्या रूपात केंद्रात शिरते आणि तसेच बाहेर पडते. मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी २०१७ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मानकांत सामू (पाणी आम्ल की अल्क ते दाखवणारा आकडा), बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), तरंगते घनपदार्थ आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू एवढ्याच गोष्टी आहेत. महानगरांबाहेर बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. सोडियमचा किंवा एकूण क्षारांचा त्यात उल्लेख नाही. नदीच्या दृष्टीने उत्तीर्ण झालेले पाणी शेताच्या दृष्टीने तपासलेलेच नसते, हे सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवे.

शेतासाठी पहिली तपासणी विद्युत वाहकतेची. क्षार जितके जास्त, तितकी पाण्यातून वीज सहज वाहते. मीटरची दांडी बुडवली की मिनिटात आकडा मिळतो. अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये केलेली विभागणी आजही वापरात आहे : दर सेंटिमीटरला २५० मायक्रोसिमेन्सपर्यंत कमी क्षार, ७५० पर्यंत मध्यम, २२५० पर्यंत जास्त, त्यापुढे अति जास्त. ऊस क्षाराला फारसा सोसणारा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेनुसार पाण्याची वाहकता ११०० च्या वर गेली की उत्पादन घटू लागते. हिशेब एकरावर मांडला तर गांभीर्य पटते. एका पाळीला १० सेंटिमीटर पाणी दिले तर एकराला सुमारे चार लाख लिटर लागते. वाहकता १००० असेल तर लिटरला अदमासे ६४० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे एका पाळीत सुमारे २६० किलो क्षार रानात उतरतात. पाणी उडून जाते, ऊस थोडे घेतो, बाकी मातीत राहते. पाऊस आणि चांगला निचरा असेल तर ते धुऊन जाते. निचरा नसेल तर उन्हाळ्यात पांढरा थर होऊन वर येते.

यापेक्षा कपटी प्रकार सोडियमचा. मातीच्या कणांवर कॅल्शियम असेल तर माती भुसभुशीत राहते. सोडियमने त्याची जागा घेतली की कण विस्कटतात, ओली असताना जमीन चिकट, वाळली की दगडासारखी. यालाच आपल्याकडे चोपण जमीन म्हणतात. धोका मोजायला सोडियम अधिशोषण गुणोत्तर काढतात : कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बेरजेची निमपट करून तिच्या वर्गमुळाने सोडियमला भागायचे, सर्व आकडे मिलितुल्यांकात (वजनाला अणुभार आणि विद्युतभार यांच्या हिशेबाने दिलेले रूप). समजा लिटरला सोडियम २३० मिलिग्रॅम (१० मिलितुल्यांक), कॅल्शियम ४० (२) आणि मॅग्नेशियम २४ (२) आहे. बेरीज ४, निमपट २, वर्गमूळ १.४१, म्हणून गुणोत्तर सुमारे ७. हे १० च्या आत असले की कमी धोका मानतात, पण भारी काळ्या जमिनीत तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. बायकार्बोनेट जास्त असेल तर तो कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बसवतो आणि सोडियम मोकळा राहतो, म्हणून उर्वरित सोडियम कार्बोनेटचाही आकडा काढावा लागतो (कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करून). ते १.२५ मिलितुल्यांकाखाली सुरक्षित, २.५ च्या वर सिंचनाला अयोग्य. शिरोळ तालुक्यात कच्चे सांडपाणी न घेताही अतिपाण्याने हजारो एकर जमिनी क्षारपड झाल्या आणि भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकून त्या सुधारण्याचे काम शेतकऱ्यांना करावे लागले. अशा पट्ट्यात सोडियम न मोजता प्रक्रियाकृत पाणी देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

अहवाल किती खरा ते बाटली भरतानाच ठरते. मैलापाणी दिवसभर एकसारखे नसते. सकाळी घरोघरी आंघोळी, धुणी चालू असतात तेव्हाचे आणि पहाटेचे पाणी निराळे, म्हणून दर तासाला थोडे घेऊन २४ तासांचा मिश्र नमुना करणे योग्य. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली घेऊन त्यात नायट्रिक आम्ल टाकतात आणि सामू २ च्या खाली नेतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. बीओडीच्या नमुन्यात आम्ल चालत नाही. तो बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचा. विरघळलेला ऑक्सिजन मात्र काठावरच पकडावा लागतो. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे, बूच लावून उलटीपालटी करायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर पाणी गुदमरलेले आहे. जंतूंच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच असावे लागते, कारण पाण्यातला उरलेला क्लोरिन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो.

प्रयोगशाळेत क्लोराइड चांदीच्या नायट्रेटने मोजतात, पिवळे द्रावण विटकरी झाले की थांबायचे. कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए या रसायनाने, सोडियम-पोटॅशियम ज्योत-प्रकाशमापीने, धातू अणुशोषण वर्णपटमापीने.

पाण्यासोबत माती तपासली नाही तर चित्र अर्धेच राहते. पाण्याचा अहवाल एका दिवसाचा असतो, माती वर्षानुवर्षांचे साठवून ठेवते. नेहमीच्या माती परीक्षणाला वरचा वीतभर थर पुरतो, क्षारांसाठी मात्र ०-३०, ३०-६० व ६०-९० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे घ्यावेत. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून १२ बाबी असतात. विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांवर बसलेला, अदलाबदल होऊ शकणारा) त्यात नसतो, तो प्रयोगशाळेला वेगळा सांगून काढून घ्यावा लागतो. तो १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण धरतात आणि सोडियम हटवायला टाकायच्या जिप्समचा (कॅल्शियम देणाऱ्या खनिजाचा) हिशेब त्यावरूनच होतो.

जड धातूंबाबत पीक महत्त्वाचे. अल्कधर्मी काळ्या मातीत बरेच धातू अडकून पडतात. कॅडमियम त्यांतल्या त्यात सुटा राहतो आणि मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांत चढतो. सिंचनाच्या पाण्यात तो लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटरला १००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि लिटरला जंताचे एक अंडे ही मर्यादा सुचवली होती. उसाचा रस काहिलीत उकळतो, त्यामुळे गुळात जंतूंची भीती कमी, पण रसवंतीच्या कच्च्या रसाला हा दिलासा लागू नाही. अलीकडे औषधांचे अंशही शोधले जातात. सुमारे ९० टक्के सांडपाणी पुन्हा वापरणाऱ्या इस्रायलमध्ये, अशा पाण्यावरच्या भाज्या खाणाऱ्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन हे फेफऱ्याचे औषध आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पाण्यातला नत्र फायद्याचाही असतो. लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल तर आधी सांगितलेल्या १० सेंटिमीटरच्या पाळीत एकराला आठ किलो, म्हणजे सतरा-अठरा किलो युरियाएवढा, तोही फुकट. तेवढा युरिया कमी टाकायला हवा. अडचण अशी की पीक पक्व होतानाही हा नत्र येतच राहतो, ऊस हिरवा राहतो आणि साखर उतारा घटतो. गुळव्याला हे काहिलीतच कळते. क्षारांच्या उसाचा गूळ खारट, मऊ होतो आणि पावसाळ्यात पाघळतो. म्हणून तोडणीआधीच्या शेवटच्या पाळ्या शक्यतो विहिरीच्या किंवा धरणातून सोडलेल्या गोड्या पाण्याच्या द्याव्यात, आणि त्या विहिरीची वाहकताही आधी मोजून घ्यावी.