पार्श्वभूमी : अमेरिकेत आरोग्य नोंदींच्या सॉफ्टवेअरला प्रमाणपत्र लागू झाले ते असे

अमेरिकेत रुग्णांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने सरकारमान्य प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. कागदोपत्री ते ऐच्छिकच आहे. पण ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी विम्याकडून, म्हणजे मेडिकेअरकडून, पूर्ण मोबदला हवा असलेल्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना प्रमाणित सॉफ्टवेअरच वापरावे लागते. त्यामुळे प्रमाणपत्राविना या बाजारात टिकणे फार अवघड. पैसा आणि प्रमाणपत्र यांची ही गाठ २००९ मध्ये मारली गेली. त्यानंतरच्या दीड वर्षात घाईघाईने जे ठरले, त्याचीच दुरुस्ती पुढची पंधरा वर्षे चालू राहिली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. प्रयोगशाळेचे अहवाल, रुग्णाची भरती असे संदेश एका यंत्रणेतून दुसरीत पाठवण्याची मानके १९८७ पासून तयार होत होती. कागदी केसपेपर सोडून संगणकाकडे वळा, असा सल्ला तज्ज्ञांच्या समितीने १९९१ मध्ये दिला. १९९६ च्या कायद्यात प्रत्येक रुग्णाला एकच ओळख क्रमांक देण्याची तरतूद होती. पण खासगीपणाच्या भीतीने संसदेने दोनच वर्षांत त्यासाठीचा निधी रोखला. परिणामी एका रुग्णालयातला रुग्ण आणि दुसऱ्यातला रुग्ण एकच आहे का, हे आजही नाव, जन्मतारीख, पत्ता जुळवून ठरवावे लागते. नोंदींच्या देवाणघेवाणीतली ही अडचण प्रमाणपत्राने सुटणारी नव्हतीच, तरी तिचे खापर पुढे अनेकदा त्याच्यावरच फुटले.

एप्रिल २००४ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय आरोग्य खात्यात या कामासाठी राष्ट्रीय समन्वयकाचे पद निर्माण झाले. दहा वर्षांत बहुतेक नागरिकांच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक करण्याचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन संघटनांनी मिळून एक खासगी आयोग उभा केला. २००५ मध्ये निकष ठरवण्याचे आणि सॉफ्टवेअर तपासण्याचे सरकारी कंत्राट त्याच आयोगाला मिळाले, आणि २००६ मध्ये बाह्यरुग्ण दवाखान्यांसाठीच्या प्रमाणित सॉफ्टवेअरची पहिली यादी लागली. विचार सरळ होता. छोट्या दवाखान्यातला डॉक्टर महागडे सॉफ्टवेअर घ्यायला कचरतो, कारण त्यात काय चालते आणि काय नाही हे त्याला पारखता येत नाही. शिक्का दिसला की त्याची भीड चेपेल. २००६ मध्येच रुग्णालयांना बाहेरच्या डॉक्टरांना असे सॉफ्टवेअर जवळपास दान म्हणून देण्याची मुभा मिळाली. डॉक्टरने खर्चाचा १५ टक्के वाटा उचलायचा, आणि सॉफ्टवेअर इतर यंत्रणांशी माहितीची देवाणघेवाण करू शकणारे हवे. ते तसे आहे याचा ग्राह्य पुरावा म्हणजे प्रमाणपत्र. शिक्क्याला कायद्यात वजन आले ते इथे.

तरीही प्रसार कूर्मगतीनेच होत होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्व विभागांत परिपूर्ण प्रणाली असलेली रुग्णालये जेमतेम १.५ टक्के निघाली.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी मंदीवरच्या उपाययोजनांच्या मोठ्या कायद्यात आरोग्य नोंदींचे प्रकरण घातले गेले आणि चित्रच पालटले. प्रमाणित सॉफ्टवेअरचा ‘मीनिंगफुल यूज’, म्हणजे अर्थपूर्ण वापर, करून दाखवणाऱ्या डॉक्टरला मेडिकेअरमधून ४४ हजार डॉलरपर्यंत, किंवा गरिबांच्या विमा योजनेतून ६३,७५० डॉलरपर्यंत प्रोत्साहन. आणि २०१५ पासून न वापरणाऱ्याच्या मेडिकेअर मोबदल्यात कपात. पैसे वाटायला २०११ मध्ये सुरुवात व्हायची होती, म्हणजे हाताशी दोन वर्षेही नव्हती.

आता प्रश्न आला, प्रमाणपत्र द्यायचे कोणी? तोवर हे काम एकच आयोग करत होता. निकष त्याचे, चाचणी त्याची, शिक्काही त्याचाच. त्याच्या संस्थापकांत सॉफ्टवेअर कंपन्या सभासद असलेली संघटना होती. शेकडो निकषांची यादी दरवर्षी लांबत होती. मोठ्या कंपन्यांना ती परवडे. छोटे उत्पादक, मुक्त स्रोत प्रकल्प आणि स्वतःची प्रणाली स्वतः घडवलेली रुग्णालये मात्र त्यात अडकत. आयोगाच्या बाजूनेही दमदार युक्तिवाद होता : अनुभव आमच्याकडे आहे, तपासणीची यंत्रणा उभी आहे, ती मोडून नवी उभारायला वेळ कुठे आहे? दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या. पण परीक्षक, अभ्यासक्रम ठरवणारा आणि परीक्षार्थींचा आप्त एकाच घरात असणे अब्जावधींच्या सार्वजनिक पैशाला झेपणारे नव्हते.

सरकारच्या सल्लागार समितीने ऑगस्ट २००९ मध्ये कामे वेगळी करा अशी शिफारस केली आणि २०१० च्या नियमांत ती बहुतांशी उतरली. निकष सरकार अधिसूचनेने ठरवणार, चाचणीच्या पद्धती मापन आणि मानकांची राष्ट्रीय संस्था लिहिणार, तपासणी अनेक मान्यताप्राप्त खासगी संस्था करणार. निकषांची यादी प्रोत्साहनासाठी जेवढे लागते तेवढ्यापुरती छाटली. शिवाय संपूर्ण प्रणालीऐवजी तिचा एखादा भागही स्वतंत्रपणे प्रमाणित करून घेता येईल असे ठरले. जुन्या आयोगाची मक्तेदारी संपली. २०१४ मध्ये त्याने कामकाजच गुंडाळले.

निर्णय योग्यच होता. पण त्याची किंमत मोजली गेली, आणि ती प्रामुख्याने दवाखान्यांनी मोजली. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रमाणित भाग एकमेकांशी नीट चालतात का, हे पाहणे प्रमाणपत्राच्या कक्षेत आले नाही. ती जबाबदारी विकत घेणाऱ्याची. शिवाय प्रोत्साहन हवे असेल तर जे काम डॉक्टर करतच नाही त्यासाठीचाही प्रमाणित भाग त्याच्याकडे हवा, असा अर्थ सुरुवातीच्या व्याख्येतून निघत होता. तो ताण २०१२ च्या नियमांनी हलका केला.

देवाणघेवाणीचे तर आणखी बिकट. रुग्णाच्या सारांशासाठी निकषांच्या २०११ च्या आवृत्तीत दोन वेगवेगळे साचे मान्य झाले, कारण दोन्हींचे समर्थक तगडे होते. सॉफ्टवेअरने त्यातला एक तयार करायचा; दुसऱ्या साच्यातला सारांश आला, तर तो माणसाला वाचता येईल असा पडद्यावर दाखवला की भागले. प्रत्यक्षात याचा अर्थ काय होतो ते पाहा. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाचा सारांश दुसऱ्या रुग्णालयातून येतो, डॉक्टरला तो वाचता येतो. पण ती ॲलर्जी त्याच्या प्रणालीतल्या ॲलर्जीच्या यादीत जात नाही. कोणी ती हाताने भरली नाही, तर पेनिसिलिन लिहिताना कोणतीही सूचना झळकणार नाही. प्रमाणपत्र मात्र वैधच. २०१४ च्या आवृत्तीने एकच साचा सक्तीचा केला. तोही इतका लवचिक होता की त्यानुसार बनवलेले दस्तऐवज संशोधकांनी तपासले तेव्हा चुका आणि तफावती शेकड्यांनी सापडल्या.

चाचणीचा खोलवरचा दोष चव्हाट्यावर आला तो २०१७ मध्ये. एका मोठ्या कंपनीने सरकारशी १५ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. सरकारचा आरोप असा : औषधांची प्रमाण सांकेतिक नावे संपूर्ण कोशातून शोधता यावीत ही अट होती. चाचणीत कोणती औषधे विचारतील हे आधीच जाहीर असे. कंपनीने कोश जोडलाच नाही. चाचणीला लागणारी १६ सांकेतिक नावे तेवढी सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइप करून ठेवली. चाचणी पार पडली, शिक्का मिळाला, आणि तेच सॉफ्टवेअर हजारो डॉक्टरांच्या टेबलावर गेले. कंपनीने दोष कबूल केला नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने पाच कोटींहून अधिक डॉलर भरून असाच वाद मिटवला. चाचणीचे प्रश्न आधी जाहीर करण्यामागे पारदर्शकतेचा चांगला हेतू होता, हे विसरता कामा नये. पण चाचणीपुरते चालणे आणि दवाखान्यात चालणे यांतली दरी त्या पद्धतीला दिसतच नव्हती.

एव्हाना प्रसाराचे उद्दिष्ट गाठले गेले होते. २०१५ पर्यंत दहापैकी नऊहून अधिक रुग्णालयांत प्रमाणित सॉफ्टवेअर आले. माहिती मात्र अडलेलीच राहिली. नोंदी बाहेर द्यायला भरमसाट शुल्क, करारातली तोंडबंदी, प्रतिस्पर्धी रुग्णालयाला डेटा न देण्याची वृत्ती, अशा तक्रारींचा अहवाल २०१५ मध्ये संसदेपुढे गेला. डिसेंबर २०१६ च्या कायद्याने माहितीची अडवणूक करणाऱ्या उत्पादकाला दर उल्लंघनामागे दहा लाख डॉलरपर्यंत दंड ठरवला. प्रमाणपत्रही आता फक्त उत्पादनाचे राहिले नाही. ते टिकवायचे तर कंपनीला वर्तनाच्या अटी पाळाव्या लागतात. आपल्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींचे स्क्रीनशॉट ग्राहकाने कोणाला दाखवू नयेत, अशी बंदी तिला करारात घालता येत नाही.

या कायद्याचे नियम २०२० मध्ये आले. रुग्णाच्या पसंतीच्या ॲपला डेटा देणारा दुवा आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या ‘फायर’ या मानकावर बांधणे सक्तीचे झाले, आणि कोणता डेटा किमान द्यायचाच त्याची सामाईक यादी ठरली. माहिती अडवण्यावरची बंदी ५ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. उत्पादकांना दंड करण्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी सुरू व्हायला मात्र सप्टेंबर २०२३ उजाडला. दर काही वर्षांनी निकषांची नवी आवृत्ती काढण्याची प्रथाही आता संपली. त्याऐवजी एकच संच टप्प्याटप्प्याने सुधारला जातो.

त्या १६ औषधांच्या प्रकरणासारख्या दोषांवर २०२० च्या नियमांनी थेट उत्तर दिले : प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही देवाणघेवाणीची कामे प्रत्यक्ष दवाखान्यांत कशी चालतात, याची योजना आणि निकाल कंपनीने दरवर्षी जाहीर करायचे. अशी पहिली चाचणी २०२२ मध्ये झाली. तिच्यात काय मोजायचे आणि कोणत्या ठिकाणी मोजायचे, याची निवड मात्र कंपनीवरच सोपवली होती.