मिक्सर घेताना वॉट नंतर बघा, आधी मोटर समजून घ्या

भाचीने कांजुरमार्गला भाड्याने वन आरके घेतलंय, ओटा जेमतेम चार फुटांचा. तिने फॅमिली ग्रुपवर विचारलं, एकच मशीन ठेवायला जागा आहे, मल्टीपर्पज मिक्सर कुठला घेऊ? संध्याकाळपर्यंत सल्ल्यांचा ढीग पडला आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य म्हणजे "हजार वॉटचाच घे, मोटर जळत नाही". हे वाचून मला राहवलं नाही, कारण मोटर जळते ती वॉट कमी पडले म्हणून नाही, पातं अडलं म्हणून. आणि पातं अडलं की आत जे होतं ते इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय ब्रँड बोलण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झची. त्यावर थेट चालणारी साधी इंडक्शन मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही, ५० गुणिले ६०, हिशोब संपला. मिक्सर मात्र रिकामा असताना १८,००० च्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला ३०० फेऱ्या. पातं टोकापासून टोकापर्यंत ८ सेंटीमीटर धरलं तर त्याचं टोक ताशी २७० किलोमीटरच्या वेगाने पळतंय, आणि हे आपल्या ओट्यावर! हा वेग मिळतो युनिव्हर्सल मोटरमुळे. हिच्यात बाहेरची कॉइल आणि फिरणाऱ्या भागावरची कॉइल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेल्या असतात, मधे फिरणाऱ्या भागाला घासून त्याला करंट पोचवणारे दोन कार्बन. एसी करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो पण दोन्ही कॉइलमध्ये एकदमच बदलतो, त्यामुळे दहावीतला फ्लेमिंगचा डावा हात धरून बघा, बल त्याच दिशेला राहतं. म्हणून ही मोटर एसीवरही चालते आणि एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीवरही.

मुंबईकरांना ही मोटर नवीन नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढे कित्येक दशकं आपल्या जुन्या लोकल ज्या डीसी सिरीज मोटरवर धावल्या ती हिचीच थोरली बहीण. खचाखच भरलेली गाडी जागेवरून हलवायला सुरुवातीलाच प्रचंड जोर लागतो, तो सिरीज मोटर देते.

आता मुख्य गोष्ट. फिरणारी कॉइल बाहेरच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात फिरते म्हणजे ती स्वतःच छोटा जनरेटर होते आणि आलेल्या व्होल्टेजच्या उलट व्होल्टेज तयार करते. वेग जास्त तेवढा हा विरोध जास्त, म्हणून जोरात फिरणारी मोटर करंट कमी घेते. तुम्ही सुक्या खोबऱ्याचे मोठे तुकडे आणि भिजवलेल्या मिरच्या एकदम टाकल्या, पातं अडखळलं, वेग पडला, की विरोध पडला आणि करंट आत धावला. करंट दुप्पट झाला तर दोन्ही कॉइलमध्ये दुप्पट, म्हणून जोर जवळपास चौपट (लोखंड चुंबकत्वाने पूर्ण भरेपर्यंत). अडलेलं पातं पुन्हा सुटतं ते यामुळेच. पण तारेतली उष्णताही करंटच्या वर्गाने वाढते, तीही चौपट. आणि मोटर थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो, तो तर आता मंद झालेला! गरज सगळ्यात जास्त तेव्हा हवा सगळ्यात कमी. मोटर इथे जळते, आणि हजार वॉटची असली तरी अडलेल्या पात्यावर तिचं हेच होतं.

आमचा जुना मिक्सर दिवाळीत चकलीची भाजणी दळताना असाच गेला. उघडला तेव्हा कार्बन झिजून नखाएवढे राहिले होते आणि कॉइलवरचं तांबूस वार्निश एका बाजूने काळं पडलं होतं, हात लावला की खपली निघत होती. त्या दिवशी सलग किती वेळ चालवला ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी लिहिलेलं असतं, ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद. ते वाचा. तिथेच लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. ते उडालं म्हणजे मिक्सर बिघडला नाही, मिक्सर वाचला.

ग्रुपवर दुसरा एक फॉरवर्डही फिरला, की मिक्सरच्या विजेच्या लहरींनी अन्नातली प्राणशक्ती मरते, पाट्यावरच वाटा. वीज जारमध्ये जातच नाही हो, रबरी कपलरमधून फक्त फिरणं वर जातं. पाट्यावरच्या वाटणाची चव वेगळी लागते हे खरं, पण तिथे पदार्थ चेचला जातो आणि मिक्सरमध्ये कापला जातो, वर तापतोही. ७५० वॉटमधले निम्मे जरी जारमध्ये उतरले तरी अर्धा लिटर पाणी मिनिटभरात साधारण १० अंशांनी तापेल. इडलीचं पीठ वाटताना गार पाणी घालतात ते म्हणूनच. त्यात प्राणशक्तीचा काही संबंध नाही.

मग भाचीला काय सांगितलं? दोघांच्या घराला ७५० वॉट पुरे, हा आकडा म्हणजे एक अश्वशक्ती, आणि तो मोटर घेते त्या विजेचा असतो, पात्याला मिळणाऱ्या ताकदीचा नाही. २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअर, साध्या प्लगवर चालेल. आयएसआय मार्क बघ, मिक्सरच्या मानकाचा नंबर आयएस ४२५० आहे. छोटा चटणीचा जार हवाच, मोठ्या जारमध्ये दोन चमचे वाटण पात्याच्या खालीच बसतं आणि पातं रिकामं फिरतं. फूड प्रोसेसरचं भांडं, ज्यात कणीक मळता येते, ते रोज पोळ्या करणार असशील तरच, कारण मळायला वेग नको, कमी वेगात जोर हवा, त्यासाठी आत वेगळी गिअर किंवा पट्ट्याची व्यवस्था लागते आणि ते भांडं धुवून ठेवायला जागाही. जार लावून उंची मोज, वर कपाट आहे ना तुझ्या.

लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तिने घेतला, तीन जारवाला. चौथ्या दिवशी रात्री फोन, "मामा, बंद पडला, चणाडाळ वाटत होते." म्हटलं किती पाणी घातलंस? घातलंच नव्हतं. प्लग काढ, दहा-पंधरा मिनिटं थांब, उलटा करून लाल बटण दाब, अर्धी डाळ बाहेर काढ आणि दोन चमचे पाणी घाल. पंधरा मिनिटांनी तिने फोन केला तेव्हा मागे मिक्सरचा आवाज येत होता, आधी जड आणि मग हळूहळू चढत जाणारा.